गिअरबॉक्सचे तेल: रंग पाहू नका, नाव वाचा

गिरगावात राहणारे माझे मामा आता सत्तरीला आले आहेत. उमेदीच्या काळात त्यांनी वीस-बावीस वर्षे प्रीमियर पद्मिनी चालविली. स्टिअरिंगच्या बाजूला असलेला तिचा गिअरचा दांडा ते एखाद्या वाद्याच्या तारेसारखा हळुवार हाताळत असत. पुढे वय झाले. ठाकूरद्वारच्या सिग्नलपासून ऑपेरा हाउसपर्यंत पोहोचेतो क्लच दाबून दाबून गुडघा भरून येऊ लागला, तेव्हा मुलांच्या आग्रहावरून त्यांनी एक जुनी पण सुस्थितीतील ऑटोमॅटिक गाडी घेतली. आज गिरगाव, दादर, परळ भागांतील कितीतरी घरांत अशाच कारणाने क्लच नसलेली गाडी आली आहे.

गेल्या वर्षी कोल्हापूरला नात्यातील विवाहासाठी निघण्यापूर्वी मामांनी ओळखीच्या एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचे तेल बदलून घेतले. 'कोणते तेल घातलेत?' असे त्यांनी विचारलेही. उत्तर मिळाले, "काका, ऑटोमॅटिकचं तेल लालच असतं. चांगल्यातलं घातलंय, निर्धास्त जा." परळहून मावशीला घेण्यासाठी जात असताना लालबागला भारतमाताच्या सिग्नलवर गाडी सुटताना थरथरली. रस्ता खराब असेल, असे सर्वांना वाटले. रात्री खंबाटकी घाटाच्या चढणीवर मात्र इंजिनाचा आवाज वाढत राहिला आणि गाडी पुढे सरकेना. मागे मालमोटारींची रांग, गाडीत ऐंशी वर्षांची आजी आणि दोन लहान मुले. सुदैवाने अपघात टळला. पण गिअरबॉक्स निकामी झाला आणि गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा दुरुस्तीत गेला.

चूक कोठे झाली? तेल बनावट नव्हते, स्वस्तही नव्हते. ते त्या गाडीचे नव्हते, एवढाच त्याचा दोष.

हे तेल करते तरी काय?

इंजिनातील तेलाचे मुख्य काम घर्षण कमी करण्याचे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेलावर मात्र अनेक कामांचा भार असतो. टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या भागात तेच इंजिनाची शक्ती पुढे पोहोचविते. त्याच्याच दाबाने गिअर बदलले जातात. ते उष्णता वाहून नेते, भागांना वंगण पुरविते आणि गंजापासून त्यांचे रक्षण करते. याशिवाय त्याचे सर्वांत नाजूक काम म्हणजे घर्षण ठरावीक मर्यादेत राखणे. आतील क्लचच्या चकत्या एकमेकींना भिडताना क्षणभर घसरल्या पाहिजेत आणि लगेच घट्ट धरल्या पाहिजेत. तेल अधिक निसरडे झाले तर पकड जाते. कमी निसरडे झाले तर धक्के बसतात. हे प्रमाण प्रत्येक निर्माता आपल्या गिअरबॉक्सच्या रचनेनुसार ठरवितो. म्हणूनच एका गाडीचे उत्तम तेल दुसऱ्या गाडीला घातक ठरू शकते.

नावांचा इतिहास

ज्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये आपल्या शिवडीत गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, त्याच कंपनीने १९३९ मध्ये अमेरिकेत 'हायड्रामॅटिक' हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला. १९४९ मध्ये तिने अशा गिअरबॉक्सच्या तेलासाठी 'टाइप ए' हे पहिले मानक ठरविले आणि १९६७ मध्ये 'डेक्स्रॉन' हे नाव आले. इंजिनाच्या तेलापासून हे तेल वेगळे ओळखता यावे, म्हणून त्यात लाल रंग मिसळण्याची प्रथा पडली. हा रंग केवळ ओळखीपुरता आहे. त्यावरून तेलाचा दर्जाही कळत नाही आणि जातही कळत नाही.

आपल्या वाचकांना अस्वस्थ करील अशी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. त्या काळच्या तेलात घर्षणाचे प्रमाण राखण्यासाठी स्पर्म व्हेल या महाकाय सागरी जीवाच्या शरीरातील तेल मिसळले जात असे. १९७० मध्ये अमेरिकेने या व्हेलची नोंद संकटग्रस्त प्राण्यांत केली, १९७३ च्या कायद्याने हे संरक्षण अधिक भक्कम झाले आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावा लागला. त्यानंतरच्या 'डेक्स्रॉन-२' मध्ये व्हेलचे तेल उरले नाही. मोटारीच्या सुखामागे कोणाचा जीव जात आहे, हे तोवर किती जणांना ठाऊक असेल?

पुढे 'डेक्स्रॉन-३' आले आणि २००५ मध्ये 'डेक्स्रॉन-६'. 'डेक्स्रॉन-३' चे परवाने जनरल मोटर्सने २००६ च्या अखेरीनंतर पुढे चालू ठेवले नाहीत. आजही काही डब्यांवर हे नाव दिसते. परंतु त्यामागे मूळ कंपनीची मान्यता उभी नाही, हे ध्यानात घ्यावे.

आपली गाडी कोणत्या प्रकारची?

तेल घेण्यापूर्वी गिअरबॉक्सचा प्रकार जाणून घ्यावा. केवळ 'ऑटोमॅटिक' म्हणणे पुरेसे नाही.

हाताने गिअर बदलण्याच्या गाडीला दाट गिअर ऑइल लागते. त्याच्या डब्यावर '७५डब्ल्यू-९०' सारखा आकडा आणि 'जीएल-४' किंवा 'जीएल-५' अशी खूण असते. आकडा मोठा म्हणून 'जीएल-५' सरस, असा समज आहे. प्रत्यक्षात त्यातील तीव्र रसायने काही गिअरबॉक्समधील पितळी कड्यांना हानी पोहोचवू शकतात.

२०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेली एएमटी गाडी आतून हाताच्या गिअरचीच असते. क्लच व गिअर चालविणारी यंत्रणा तेवढी वेगळी असते. त्यामुळे तिच्या गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल आणि त्या यंत्रणेत, ती द्रवाच्या दाबावर चालणारी असल्यास, निराळा द्रव असतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला एटीएफ लागते. पण तेही निर्मात्यानुसार बदलते. टोयोटाचे 'डब्ल्यूएस', होंडाचे 'डीडब्ल्यू-१', ह्युंदाईचे 'एसपी-४' ही त्याची उदाहरणे. दोन क्लचच्या, म्हणजे डीसीटी गाड्यांचे तेल आणखी वेगळे.

राहिली सीव्हीटी. मामांची गाडी याच प्रकारची होती. तिच्यात दोन पुल्यांमधून पोलादी पट्टा फिरतो आणि पोलादाने पोलादाला धरून ठेवल्यावरच गाडी ओढली जाते. ही पकड राखणारे खास तेल तिला लागते. जसे होंडाचे 'एचसीएफ-२' किंवा निसानचे 'एनएस-३'. साधे लाल एटीएफ घातले की पट्टा घसरतो आणि पुल्यांवर चरे पडतात. घाटात नेमके हेच घडले.

खरेदी करताना

प्रथम गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका उघडावी. तेलाच्या तक्त्यात नेमके नाव व प्रमाण दिलेले असते. पुस्तिका हरवली असल्यास गाडीचा चासी नंबर सांगून अधिकृत सेवा केंद्राकडून नाव लिहून घ्यावे. त्यानंतर ऑपेरा हाउसच्या परिसरातील सुट्या भागांच्या दुकानांत जावे किंवा आपल्या नेहमीच्या दुकानदाराकडे; चिठ्ठीवरील नाव आणि डब्यावरील नाव अक्षरशः जुळवून पाहावे. 'सर्व गाड्यांसाठी उपयुक्त' आणि 'निर्मात्याने मान्य केलेले' या दोन शब्दप्रयोगांत मोठे अंतर आहे: पहिला तेल विकणाऱ्याचा दावा असतो, दुसऱ्यामागे गाडी बनविणाऱ्याची जबाबदारी असते. डबा सीलबंद असावा, तो आपल्यासमोर उघडावा आणि पावती जपून ठेवावी. दोन जातींची तेले एकत्र करू नयेत.

तेल भरणाऱ्याचे कौशल्यही महत्त्वाचे. अनेक नव्या गाड्यांत तेलाची पातळी मोजण्याची पट्टीच नसते. तेल ठरावीक तापमानाला आणून पातळी पाहावी लागते. कमी भरले तर दाब पडतो, जास्त भरले तर फेस होतो. शिवाय टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत खालचा बोल्ट काढून सर्व तेल निघत नाही. बरेच आत उरते. म्हणून चुकीचे तेल गेल्याचा संशय आला तर गाडी सुरू न करता जाणकाराला बोलवावे.

मुंबईच्या गाडीची वेगळी काळजी

'हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही,' असे काही वेळा सांगितले जाते. परंतु सतत थांबत-चालत जाणारी वाहतूक आणि उष्ण हवा यांना निर्माते कठीण वापर मानतात व त्यासाठी तेल लवकर बदलण्यास सांगतात. गणेशोत्सवातील लालबाग किंवा संध्याकाळचा टिळक पूल आठवला की आपण कोणत्या वर्गात मोडतो, हे निराळे सांगावयास नको. उष्णतेने तेल काळवंडते, करपट वास येतो. ही खूण दिसताच तपासणी करावी.

पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबते, हे तर आपल्या नित्य परिचयाचे. गिअरबॉक्सला हवा खेळती राहण्यासाठी एक बारीक वाट असते. गाडी खोल पाण्यात उभी राहिली तर त्या वाटेने पाणी आत शिरू शकते. तेल दुधाळ गुलाबी दिसू लागले, तर ते पाणी मिसळल्याचे लक्षण. क्लचच्या चकत्यांवरील अस्तर हे पाणी शोषून सुटू लागते. अशी गाडी चालवून न नेता ओढूनच न्यावी.

शेवटी जुन्या तेलाविषयी. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा धोकादायक कचरा आहे आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेले पाहिजे. रस्त्याकडेच्या गटारात ओतलेले तेल पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात जाते आणि तेथील असंख्य लहान जीवांवर त्याचा थर बसतो. व्हेलचा वध थांबवून मिळविलेले समाधान आपण अशा रीतीने गमावू नये. आपले जुने तेल कोठे जाते, एवढा प्रश्न गॅरेजवाल्याला जरूर विचारावा.

मामांची गाडी आता दुरुस्त झाली आहे. तिच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांशेजारी, त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी ठेवली आहे: तेलाचे नाव, किती लिटर, कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला. गॅरेजमध्ये गेले की ते प्रथम ती चिठ्ठी पुढे करतात आणि डब्यावरील नाव मोठ्याने वाचून दाखवावयास सांगतात. येत्या रविवारी आपणही आपल्या गाडीसाठी अशी एक चिठ्ठी लिहून ठेवावी.