लॅपटॉपचा पडदा : घासणे नव्हे, पुसणे

चतुर्थी जवळ आली, की जुन्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, घरोघरी साफसफाईला आरंभ होतो. समया आणि निरांजने चिंच लावून घासली जातात, फडताळे रिकामी होतात, खिडक्यांच्या काचा ओल्या वर्तमानपत्राने पुसल्या जातात. त्याच ओघात मेजावरचा लॅपटॉप दृष्टीस पडतो आणि ज्या हाताने समई उजळली, तोच हात त्याच्या पडद्यावरही तितक्याच जोमाने फिरू लागतो. मळाने पडद्याचे जेवढे नुकसान होत नाही, तेवढे अशा उत्साही स्वच्छतेने होते.

यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. पितळेवर हवेमुळे काळपट थर चढतो. चिंचेतील आम्ल तो थर विरघळवते आणि खालून पुन्हा पितळच निघते. पडद्याचे तसे नाही. बहुसंख्य लॅपटॉपांत काचेच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये द्रवस्फटिकाचा थर असतो. हा पदार्थ प्रथम १८८८ साली फ्रीड्रिख रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आला. पडद्यातील त्याच्या थराची जाडी मिलिमीटरच्या अवघ्या काही हजारांश भागांएवढी असते. काचेच्या बाहेरच्या अंगाला प्रकाशाचे नियमन करणारे प्लॅस्टिकचे पटल चिकटवलेले असते आणि त्यावर डोळ्यांना चकाकी लागू नये म्हणून एक नाजूक लेप दिलेला असतो. काही पडद्यांवर सर्वांत वर काच असते. पण तिच्यावरही बहुधा असाच लेप असतो. समईचा वरचा थर गेला तर समई उजळते. पडद्याचा वरचा थर गेला तर तो घरी पुन्हा चढवता येत नाही.

त्यात या प्रदेशाची धूळ निराळी. जांभ्या दगडाची, म्हणजे चिऱ्याची, ही भूमी. तिची तांबडी धूळ उन्हाळ्यात घरभर पसरते आणि पावसाळ्यातील दमट हवेत जागच्या जागी चिकटून बसते. या धुळीत वाळूचे सूक्ष्म कणही मिसळलेले असतात. खनिजांच्या काठिण्यमापनात क्वार्ट्झचा क्रमांक ७, तर साध्या काचेचा सुमारे साडेपाच. प्लॅस्टिक त्याहूनही कितीतरी मऊ. अशी धूळ न झाडता वरून फडके दाबून फिरवणे म्हणजे पडद्यावर कानस चालवणेच होय.

म्हणून पडदा पुसण्याचा क्रम ठरलेला असावा. प्रथम यंत्र बंद करावे, विजेची तार काढावी आणि ते निवू द्यावे. काळ्या झालेल्या पडद्यावर डागही स्पष्ट दिसतात. त्यानंतर मऊ कुंचल्याने किंवा कोरड्या स्वच्छ फडक्याने, मुळीच भार न देता, धूळ वरून खाली झाडावी. फडके मायक्रोफायबरचे असावे. त्याचे अतिसूक्ष्म तंतू मळ ढकलत न नेता उचलून घेतात. कागदी रुमाल, वर्तमानपत्र किंवा स्वयंपाकघरातील फडके वापरू नये.

बोटांचे तेलकट ठसे उरले, तर फडक्याच्या एका कोपऱ्यावर ऊर्ध्वपातित पाण्याचे चार थेंब घ्यावेत. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यातील क्षार वाळल्यावर डाग ठेवतात, म्हणून हे पाणी. ते पडद्यावर कधीही शिंपडू नये. ओघळलेला थेंब खालच्या कडेच्या फटीत शिरतो आणि तेथेच पडद्याला वीज व संदेश पुरवणारी मंडले असतात. एका हाताने झाकणाला मागून आधार द्यावा आणि दुसऱ्याने हलकेच पुसावे. डाग हट्टी असेल, तर ओलसर फडके त्यावर अर्धा मिनिट नुसते टेकवून ठेवावे. नख लावू नये. शेवटी कोरड्या भागाने टिपून, पडदा पूर्ण वाळल्यावरच यंत्र सुरू करावे.

काचा पुसण्याच्या अनेक द्रवांत अमोनिया असतो, तर नखांचा रंग काढण्याच्या द्रवात बहुधा ॲसिटोन. ही दोन्ही द्रव्ये पडद्याचा लेप बिघडवू शकतात. २०२० सालच्या साथीपासून घरोघर आलेला हात निर्जंतुक करण्याचा द्रवही येथे उपयोगाचा नाही. त्यातील ग्लिसरीनसारखे पदार्थ मागे तेलकट थर ठेवतात. ७० टक्के अल्कोहोलने पुसण्यास काही उत्पादक मुभा देतात, काही देत नाहीत. यंत्रासोबतची माहितीपुस्तिका पाहूनच त्याचा निर्णय करावा.

मळ मुळात कमी बसावा, हेही तितकेच महत्त्वाचे. कळफलकावर बोटांचे तेल साचते आणि कदंबच्या गर्दीच्या बसमध्ये पिशवी दाबली गेली, की कळांचे ठसे पडद्यावर उमटतात. कळफलक वेळोवेळी पुसला आणि झाकण मिटताना मध्ये एक पातळ मऊ कापड ठेवले, तर हे टळते.

फर्मागुडीच्या टेकडीवर आज असलेल्या, १९६७ साली स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी असो, की गावातील घरात एकाच यंत्रावर पाळीपाळीने अभ्यास करणारी भावंडे असोत, त्यांच्यासाठी पडदा ही चैनीची वस्तू नव्हे. तो बदलण्याचा खर्च अनेक कुटुंबांना जड जातो. मग ओरखडलेल्या, अंधुक पडद्याकडे डोळे ताणून पाहत वर्ष काढावे लागते. त्या तुलनेत एक स्वच्छ फडके, चार थेंब पाणी आणि हलका हात यांची किंमत अगदीच थोडी आहे.