एका चाकावरील तोल

भिवंडी म्हटलें कीं यंत्रमागांचा खडखडाट, कापडाच्या गांठी वाहणारे टेंपो आणि पावसाळ्यांत रस्तोरस्तीं पडणारे खड्डे हेंच चित्र बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. ज्या गांवांत दोन चाकांच्या वाहनावरून घरीं सुखरूप परतणें हीच एक कसरत होऊन बसली आहे, तेथें कोणी एकाच चाकावर फिरण्याचा हट्ट धरावा हें ऐकून कोणालाहि हंसूं येईल. मलाहि आलें. परंतु तो हट्ट धरणारी माझीच तेरा वर्षांची नात होती. आणि त्यापायीं दोन वर्षांत आमच्या घरानें जें पाहिलें, सोसलें व शिकलें, तें इतर घरांसहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

एकचाकी सायकल आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिली ती सर्कशींत. सर्कशीचा आणि महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. चिआरिनी नांवाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली असतां ती पाहून विष्णुपंत छत्रे यांनीं आपली 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली, ती १८८० सालीं. विष्णुपंत मूळचे अश्वविद्येंत निष्णात. त्यांच्या खेळाचा प्राणच मुळीं घोड्याच्या पाठीवरील तोल हा होता. पुढें दोन चाकांचा घोडा आला. १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, त्या काळीं दोन चाकांवर न पडतां बसणें हीच नवलाची गोष्ट होती. आज तें नवल शेंबड्या पोरासहि वाटत नाहीं. तेव्हां एका चाकाचें नवलहि कायमचेंच असेल असें समजण्याचें कारण नाहीं.

ही विद्या आहे तरी काय?

आपल्या नेहमींच्या सायकलीस फ्रीव्हील असतें. पाय थांबले तरी ती पुढें जात राहते. एकचाकीस तें नसतें. पायडलांचे दांडे थेट चाकाच्या आंसासच जोडलेले असतात. चाक फिरलें कीं पाय फिरलाच पाहिजे, आणि पाय अडला कीं चाकहि अडलेंच. चाक वीस इंची असेल तर पायांच्या एका फेऱ्यांत तें सुमारें सव्वापांच फूट पुढें जातें.

तोलाचें मर्म समजून घ्यावयाचें असेल तर तळहातावर एक काठी उभी धरून पाहावी. काठी ज्या बाजूस कलेल, त्या बाजूस हात न्यावा लागतो. हात स्तब्ध ठेवला कीं काठी पडते. एकचाकीवर बसणारा मनुष्य हाच ती काठी, आणि त्याच्या खालचें चाक हाच तो हात. तो किंचित् पुढें कलतो आणि चाक आपल्याखालीं आणतो. हा क्रम क्षणभरहि थांबत नाहीं. म्हणूनच नवशिक्याला जें सुरक्षित वाटतें, म्हणजे जागच्या जागीं थांबणें, तेंच येथें सर्वांत कठीण असतें. पुढें जाणारा तरतो. घाबरून थांबणारा पडतो.

आमच्या नातीनें हें शिक्षण अंगणाच्या भिंतीला धरून आरंभिलें. पायडलें आडवीं ठेवून चढावयाचें, शरीराचा भार पायांवर न घेतां बैठकीवर टाकावयाचा, नजर चाकाकडे न ठेवतां समोर ठेवावयाची, इतकेच नियम. परंतु यांतील प्रत्येक नियम अंगाच्या स्वाभाविक ओढीच्या उलट आहे. भय वाटलें कीं पाय ताठतात आणि नजर खालीं जाते. साधारणतः दहा-पंधरा तासांच्या सरावानें बहुतेकांस कांहीं अंतर जातां येतें असें म्हणतात. तिला रोज अर्धा तास याप्रमाणें महिना लागला. ज्या सायंकाळीं ती भिंत सोडून तुळशीवृंदावनापर्यंत गेली, त्या सायंकाळीं तिच्यापेक्षां माझीच छाती अधिक फुगली होती. पुढील अनर्थाचें बीज त्यांतच होतें.

विचित्र चाकांचें कुटुंब

साधी एकचाकी वश झाली कीं मन तिच्या विचित्र भावंडांकडे धांवूं लागतें. त्यांतील पहिला 'जिराफ'. याची बैठक पांच-सहा फूट उंच असून पायडलांची गति साखळीनें खालच्या चाकास पोहोंचविलेली असते. उंचीमुळें तो हळूहळू कलतो, म्हणून तोल सांवरण्यास उलट थोडा अधिक अवधि मिळतो. परंतु चढणें आणि उतरणें हीं दोन्हीं कठीण, आणि साखळी तुटली तर बसणाऱ्याच्या हातीं कांहीं उरत नाहीं. स्टीव्ह मॅकपीक या अमेरिकन कसरतपटूनें १९८० सालीं लास व्हेगास येथें सुमारें एकतीस मीटर उंचीची एकचाकी चालविली. पण तीहि वरून सुरक्षेची तार बांधून, हें सांगणारे मात्र हटकून विसरतात.

दुसरें छत्तीस इंची मोठें चाक. पायांच्या एका फेऱ्यांत तें सुमारें साडेनऊ फूट जातें, म्हणून लांबच्या प्रवासास सोयीचें. परंतु त्याचा वेग एकाएकीं आवरत नाहीं. एड प्रॅट या इंग्रज तरुणानें २०१५ ते २०१८ या काळांत अशा चाकावरून पृथ्वीप्रदक्षिणेचा प्रवास केला. तिसरें, बिनबैठकीचें चाक: नुसतें चाक आणि दोन पायडलें! शरीराचा सारा भार पायांवरच असल्यामुळें प्रत्येक फेऱ्याला चाक डावीकडे-उजवीकडे डुलतें आणि मांड्या-पोटऱ्यांवर घासतें. आणखी पुढच्या पायरीवर पायडलेंहि नाहींशीं होतात. आंसाच्या दोन्ही बाजूंस पाय ठेवण्यापुरता आधार, बाकी सर्व उताराच्या व तोलाच्या हवालीं.

हा नुसता विदूषकी खेळ आहे असें मात्र समजूं नये. १९८२ सालीं एकचाकी चालविणारांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९८४ सालीं अमेरिकेंत सिरॅक्यूज येथें तिचें पहिलें जागतिक संमेलन भरलें. जपानांत तर प्राथमिक शाळांच्या पटांगणांवर लहान मुली एकचाकीवर सहज फिरतांना दिसतात.

दोष कोणाचा?

नातीनें बिनबैठकीच्या चाकाचा ध्यास घेतला. गांवांतील एका कारागिराकडून जुन्या चाकाला पायडलें बसवून मीं तें करवून घेतलें. मनगटांचे पट्टे, पोटऱ्यांचीं आवरणें आणि शिरस्त्राण यांवांचून चाकाला हात लावावयाचा नाहीं, असा तिच्या आईचा दंडक होता आणि ती तो पाळीत असे.

गेल्या वर्षीं दिवाळींत घरीं पाहुणे जमले होते. फराळ झाल्यावर मीं मोठ्या कौतुकानें म्हटलें, "बाळ, तें चाक चालवून दाखव पाहूं!" तिनें नवे कपडे घातले होते. ती म्हणाली, "आबा, पट्टे वर माडीवर आहेत." मीं म्हटलें, "दोन मिनिटांचें काम; पट्टे कशाला?" अंगणांत नुकताच सडा घातलेला होता. तिसऱ्या फेऱ्याला ओल्या फरशीवरून चाक सरकलें, ती मागें पडली आणि पडतां पडतां तिनें हात टेकला. मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे तो हात प्लास्टरमध्यें होता.

एकचाकीवरून पडणारा बहुधा पुढें, पायांवर उतरतो. धोका असतो तो मागें पडण्याचा, कारण तेव्हां हात आपोआप जमिनीकडे जातो. हें मला ठाऊक होतें. ओल्या जमिनीवर चाक घसरतें हेंहि ठाऊक होतें. ठाऊक असून मीं तिला बसविलें, कारण मला पाहुण्यांपुढें मिरवावयाचें होतें. मुलीचें साहस आणि आजोबांची हौस या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिलीची जोखीम तिनें ओळखली होती, दुसरीची मीं ओळखली नाहीं.

चिरंजीवांनीं चाक भंगारांत देण्याचें ठरविलें. मला बोलण्याचा अधिकारच उरला नव्हता. आरंभापासून या खेळाला नांवें ठेवणारी आमची सौभाग्यवतीच तेव्हां म्हणाली, "अहो, चूक तिची नाहीं, तर शिक्षा तिला कां? हात बरा झाला म्हणजे ती बसेल. पण पट्टे कोणी काढावयास सांगितले तर तिनें आजोबांचेंसुद्धां ऐकूं नये." एवढ्यावर निकाल लागला.

हात बरा झाल्यावर वैद्यकीय सल्ल्यानें आणखी कांहीं आठवडे थांबून तिनें पुन्हां साध्या एकचाकीपासून आरंभ केला. आतां आमच्या घरीं चार नियम आहेत. जमीन कोरडी व मोकळी असावी. रहदारीच्या रस्त्यावर चाक नेऊं नये. नवें चाक घेण्यापूर्वीं जुन्यावरून हवें तेव्हां, हवें तेथें उतरतां यावें. आणि कोणाच्या आग्रहावरून चाकावर बसूं नये. चौथा नियम मुलांसाठीं नसून वडील माणसांसाठीं आहे, हें सुज्ञ वाचकांनीं ओळखलेंच असेल.

परवां पुन्हां पाहुणे आले होते. कोणीसें म्हणालें, "आम्हांला दाखव कीं तुझी ती सायकल!" नातीनें माझ्याकडे पाहिलें. मी कांहीं बोललों नाहीं. ती शांतपणें म्हणाली, "आज अंगण ओलें आहे, मामा. उद्यां सकाळीं या." दुसऱ्या दिवशीं ते आले, तिनें पट्टे बांधले, अंगणाला दोन फेऱ्या घातल्या, आणि मी कौतुक पाहत पायरीवर गप्प बसून राहिलों.