मज्जासंस्था आणि तिचे राखणदार

मंगळवार पेठेंत राहणाऱ्या माणसाला खासबागेच्या मैदानाची आणि तालमींची ओळख करून द्यावी लागत नाहीं. दुखणें मुकाट्यानें सोसणें हा येथें पुरुषार्थ समजला जातो. तालमींतच वाढलेल्या माझ्या एका शेजाऱ्यांनीं एके दिवशीं शेगडीवरचें तापलेलें पातेलें उघड्या हातानें उतरविलें. तळहाताला फोड आला, परंतु चेहऱ्यावर वेदनेची रेषाहि उमटली नाहीं. "मास्तर, तालमीचा हात आहे हा!" असें ते अभिमानानें म्हणाले. त्या अभिमानांत केवढा धोका लपला होता, हें समजण्यासाठीं आपण मज्जासंस्थेची रचना थोडी पाहूं.

या संस्थेचे दोन भाग आहेत. पहिला मध्यवर्ती; त्यांत कवटींतील मेंदू आणि पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जु येतात. मोठा मेंदू विचार, स्मृति व संवेदना सांभाळतो, लहान मेंदू तोल राखतो, आणि मेंदूचा देठ श्वास व हृदयाची गति यांवर लक्ष ठेवतो. मज्जारज्जूची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर, म्हणजे जुन्या मापानें एक हात. दुसरा भाग परिघीय. मेंदूपासून निघणाऱ्या १२ आणि मज्जारज्जूपासून निघणाऱ्या ३१ मज्जातंतूंच्या जोड्या अंगभर पसरतात.

या सर्वांचा मूळ घटक म्हणजे चेतापेशी. मानवी मेंदूंत त्या सुमारें ८,६०० कोटी आहेत. पेशीचा पिंड, निरोप घेणाऱ्या फांद्या आणि निरोप पुढें नेणारा लांब तंतु, अशी तिची सामान्य रचना असते. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तंतु जवळजवळ एक मीटर भरतो. कामावरून या पेशींचे तीन प्रकार पडतात. पातेल्याचा चटका संवेदक पेशी मज्जारज्जूंत आणतात; तेथील मध्यस्थ पेशी तो निरोप प्रेरक पेशींच्या स्वाधीन करतात; आणि प्रेरक पेशी स्नायूंना हात मागें घेण्यास लावतात. "भाजलें" हें मेंदूला कळतें, तोंपर्यंत हात निघालेलाहि असतो.

परंतु राजाभोवतीं जसा परिवार, तशा चेतापेशींभोवतीं सहायक पेशी असतात. ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या कांहीं पेशी त्यांच्या पोषणास मदत करतात, कांहीं सूक्ष्म पेशी कचरा व जंतु गिळतात, तर कांहीं तंतूंभोवतीं चरबीयुक्त वेष्टन गुंडाळतात. परिघीय मज्जातंतूंना हें वेष्टन ज्या पेशी देतात, त्यांना थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नांवावरून श्वान-पेशी म्हणतात. कुत्र्याशीं त्यांचा संबंध नाहीं. राखणीशीं मात्र आहे. वेष्टन शाबूत असेल तर सर्वांत जलद तंतूंतून निरोप सेकंदाला १०० मीटरहून अधिक वेगानें जाऊं शकतो.

माझ्या शेजाऱ्यांच्या याच राखणदारांत शत्रु शिरला होता. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं शोधलेला कुष्ठरोगाचा जंतु श्वान-पेशींत घर करतो. तेथें दाह होऊन मज्जातंतु निकामी होतात आणि संवेदना मावळते. कोपराजवळचा एक फिकट, बधिर चट्टा त्यांना दोन वर्षें दिसत होता. दुखत नाहीं म्हणून त्यांनीं तो उपेक्षिला. आणि लोक काय म्हणतील, या भीतीनें घरच्यांनींहि.

पूर्वीं या रोगाचें नांव निघतांच माणसाला घर पारखें होई. बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापिली, ती अशा टाकलेल्या माणसांसाठींच. आतां काळ पालटला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं पुरस्कारिलेलीं एकत्रित औषधें सहा महिने ते एक वर्ष नियमानें घेतलीं कीं रोग बरा होतो. सरकारी दवाखान्यांत तीं विनामूल्य मिळतात. माझे शेजारीहि बरे झाले. परंतु उशीर झाल्यामुळें त्यांचीं दोन बोटें वाकडीं राहिलीं तीं राहिलींच. जंतु मेला, तरी मेलेला तंतु औषधानें उठत नाहीं.

म्हणून श्रोतेहो, अंगावरील ज्या चट्ट्याला स्पर्श कळत नाहीं, तो लपवूं नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि घरांत कोणी "मला चटका लागत नाहीं" असें सांगूं लागलें, तर कौतुक करण्यापूर्वीं त्याचा हात उजेडांत धरून पाहा.