अल्टरनेटरचा पट्टा : लावणीपूर्वीची एक अवश्य तपासणी

मृगात टाकलेले भाताचे रोप आर्द्रा-पुनर्वसूच्या सुमारास लावणीस येते आणि वडगाव मावळच्या परिसरातील खाचरांत चिखलणीची एकच घाई उडते. आंबेमोहर व आय. आर. 8 यांच्या संकरातून वडगावच्या भात संशोधन केंद्राने विकसित केलेला व 1987 साली प्रसारित झालेला ‘इंद्रायणी’ हा सुवासिक वाण आज मावळाची ओळख झाला आहे. परंतु वाण कितीही उत्तम असला, तरी 21 ते 25 दिवसांचे रोप वेळेवर लावले गेले नाही, तर फुटवे कमी येऊन उत्पन्न घटते. नेमक्या याच दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला, तर खाचरात पाणी उभे, बांधावर रोपांच्या मुठी तयार, आणि लावणीस आलेली माणसे बसून, अशी स्थिती ओढवते. पुष्कळदा या साऱ्या खोळंब्याच्या मुळाशी रबराचा एक सैल पट्टा असतो.

पट्ट्याचे कार्य

बहुतेक ट्रॅक्टरांत व जुन्या जीपगाड्यांत इंजिनाच्या पुढील पुलीवरून निघालेला एकच पट्टा रेडिएटरचा पंखा, पाण्याचा पंप आणि वीज निर्माण करणारा अल्टरनेटर या तिघांना फिरवितो. पट्टा सैल झाला की तो पुलीवरून घसरतो. त्यामुळे बॅटरी पुरेशी भरत नाही, दिवे मंद जळतात. शिवाय पंखा व पंप मंदावून इंजिन तापते. चिखलणीत इंजिनावर भार मोठा असल्याने हा दोष तेथे त्वरित उघड होतो. इंजिन सुरू करताना किंवा दिवे लावताच येणारी किरकिर आणि इंजिन चालू असताही न विझणारा चार्जिंगचा लाल दिवा, ही त्याची पूर्वसूचना होय.

ताण कसा पाहावा

इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे व किल्ली काढून घ्यावी. दोन पुल्यांमधील सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने बेताने दाबावे. साधारणतः 10 ते 15 मिलिमीटर दबल्यास ताण योग्य समजावा. मात्र यंत्रासोबतच्या पुस्तिकेत दिलेले माप अखेरचे मानावे. पट्ट्याची पकड त्याच्या दोन्ही तिरप्या बाजूंवर असते. त्या काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील, पट्ट्यास भेगा पडल्या असतील अथवा त्याचे बूड खाचेच्या तळास टेकत असेल, तर ताणण्यात अर्थ नाही. नवा पट्टाच घालावा.

ताणण्याची रीत

1. प्रथम बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडावी. अल्टरनेटरच्या जाड तारेत इंजिन बंद असतानाही वीज असते; तेथे पाना टेकल्यास ठिणगी उडते.

2. अल्टरनेटर ज्यावर झुलतो तो आधाराचा बोल्ट आणि लांबट खाचेच्या पट्टीवरील बोल्ट, हे दोन्ही किंचित ढिले करावेत, काढू नयेत.

3. इंजिन व अल्टरनेटर यांच्यामध्ये मजबूत लाकडी दांडा घालून अल्टरनेटर बाहेरच्या बाजूस रेटावा. दांड्याचा जोर त्याच्या पुढील भक्कम भागावरच पडावा. मागील पातळ कवचावर वा रेडिएटरवर पडू नये. ताण देण्याचा स्वतंत्र स्क्रू असल्यास तोच फिरवावा.

4. दांडा तसाच धरून पट्टीवरील बोल्ट आवळावा, नंतर आधाराचा आवळावा. अंगठ्याने ताण पुन्हा पाहून मगच तार जोडावी.

इंजिन मध्यम गतीने चालवून बॅटरीच्या टोकांवर मीटर लावल्यास सुमारे 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसावेत. नवा पट्टा आरंभी थोडा लांबतो. म्हणून काही तासांच्या कामानंतर तो पुन्हा तपासावा.

काय टाळावे

‘जितका घट्ट तितका चांगला’ ही समजूत घातक आहे. फाजील ताणाने अल्टरनेटरचे व पाण्याच्या पंपाचे बेअरिंग झिजते आणि पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो. किरकिर थांबविण्यासाठी काही जण पट्ट्यास साबण किंवा तेल लावतात. त्याने आवाज क्षणभर थांबतो, पण पट्टा अधिकच घसरतो. इंजिन चालू असताना तेथे हात नेऊ नये. धोतराचा सोगा, पदर वा उपरणे आवरून घ्यावे. अलीकडच्या अनेक मोटारींत रुंद, बारीक खाचांचा पट्टा असून स्प्रिंग त्याचा ताण आपोआप राखते. तेथे हा उपाय करू नये. गाडी कारागिराकडे न्यावी.

दोन पाने, एक लाकडी दांडा आणि अर्ध्या तासाची सवड, एवढेच या कामास लागते. बियाणे पारखून घेणाऱ्या व बांध वेळीच दुरुस्त करणाऱ्या शेतकरी बंधूंनी रोहिणी नक्षत्रातच ही तपासणी उरकून घ्यावी, म्हणजे ऐन लावणीत यंत्र दगा देणार नाही.