पळसाला पाने तीनच : झाडाचं डिजिटल चित्र काढताना

वैशाखरे हे नाणेघाटाच्या पायथ्याचं गाव. इथे डिजिटल चित्रांवर बोलायचं तर सुरुवात संगणकापासून नको, बाहेरच्या झाडांपासून करू.

'पळसाला पाने तीनच' असं आपण म्हणतो. कुठेही जा, परिस्थिती तीच, हा म्हणीचा अर्थ. पण चित्र काढणाऱ्यासाठी ती एक सूचनाच आहे. पळसाच्या एका देठावर तीन पर्णिका असतात. त्या तीन राखा आणि बाकी हवं तेवढं सोपं करा, पळस ओळखू येतो. पाच काढल्या, की पळस गेला, नुसतं हिरवं काहीतरी उरलं. शैलीदार चित्र म्हणजे मनाला येईल ते गाळणं नव्हे. काय गाळायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं.

आपल्या भागाला हे नवीन नाही. वारली चित्रांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा एकच पांढरा रंग असतो. छटा नाही, सावली नाही. तरी ताड लगेच कळतो, कारण उंच, बिनफांद्यांचा बुंधा आणि डोक्यावरचा झुपका तेवढा नेमका पकडलेला असतो. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांना याच कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली.

आता दसऱ्याला फोनवर येणारी शुभेच्छांची चित्रं आठवा. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद. चित्रात मात्र पुष्कळदा मोठं, लांबट पान असतं, म्हणजे कांचनाचं. ज्यानं झाड पाहिलेलंच नाही, तो हेच पान आपटा समजतो. आधीच आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या तोडल्या जातात, त्यात आपल्या चित्राची भर कशाला?

मग करायचं काय? खाली पडलेलं पान देठासकट उचला, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि बरोबर वरून फोटो घ्या. झाडाजवळच तीन गोष्टी लिहून ठेवा: पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, कडा कशी आहे, मुख्य शिरा किती आहेत. सागाची पानं समोरासमोर येतात, आपट्याची एकाआड एक. फांदी काढताना हे फार उपयोगी पडतं.

पुढचं काम संगणकावर. इंकस्केप हे व्हेक्टर चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फोटो खाली ठेवून अर्ध्या पानाची कड काढा. साध्या पानाला पाच-सहा बिंदू पुरतात. बिंदू वाढले की रेघ थरथरते. मग तो अर्धा भाग उलटवून जोडा आणि एखादा बिंदू जरासा हलवा, कारण खऱ्या पानाच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. रंग अगदी शेवटी, तेही दोन-तीनच.

त्याआधी एक परीक्षा घ्या. चित्र पूर्ण काळं भरा, अंगठ्याच्या नखाएवढं करा आणि घरातल्या आजीला दाखवा. नाव सांगू नका. तिनं झाड ओळखलं, तर जमलं. नाही ओळखलं, तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका, परत झाडापाशी जा.