केबलची जाळी अर्थ केली आहे काय?

यंत्रमाग, सायझिंग, रंगाई किंवा लहानसा लेथचा कारखाना असो, मशीन थरथरते किंवा हलवावे लागते तेथे बरेच कारखानदार तारेच्या जाळीची लवचिक केबल घेतात. नाडी विणतात तशी बारीक जस्ती तारांची ही वीण आतल्या पीव्हीसी आवरणावर असते व तिच्यावर बहुधा पारदर्शक प्लास्टिक असते. घासण्यापासून आणि दबण्यापासून केबलची हिफाजत करणे हे तिचे काम. परंतु जोडणी करताना पुष्कळदा ही जाळी मागे कापून वर काळी टेप गुंडाळली जाते आणि काम झाले असे समजतात. हे धोक्याचे आहे.

समजा, केबलवर जड बीम पडला, आतले इन्सुलेशन फाटले आणि फेजची तार जाळीला टेकली. जाळी अर्थ केलेली नसेल तर विजेला परतीची वाट नाही. फ्यूज उडत नाही, मोटार चालूच राहते, कोणाला काही कळत नाही. मात्र केबलभर जाळीत २३० व्होल्ट उभे असतात. वरचे प्लास्टिक कोठे फाटले असेल आणि ओल्या फरशीवरील कारीगराचा तेथे हात लागला, तर वीज त्याच्या शरीरातून जमिनीत जाते. शरीराचा विरोध सुमारे १००० ओहम धरला तरी २३० मिलिअँपिअर प्रवाह होतो. जीव घेण्यास तो पुरेसा आहे. फ्यूज उडवण्यास अगदीच अपुरा.

जाळी नीट अर्थ केलेली असेल आणि दोषाच्या पूर्ण वाटेचा विरोध अर्धा ओहम असेल, तर ४६० अँपिअर प्रवाह धावतो व फ्यूज किंवा एमसीबी लगेच तुटतो. माग बंद पडेल, पण माणूस वाचेल. नुसता खड्ड्यातला अर्थ १० ओहमचा असेल तर प्रवाह फक्त २३ अँपिअर होतो. मोठा फ्यूज तेवढ्याने उडत नाही. म्हणून हाताने हलवण्याच्या मशीनच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवावा.

जोडणी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) जाळी धरून ठेवणारी धातूची ग्लँड वापरावी. पेटीला ग्लँड बसते तेथला रंग खरवडून धातूला धातू भिडवावा आणि पेटी अर्थ करावी.

२) पेटी प्लास्टिकची असल्यास ग्लँडखाली अर्थ टॅगची वॉशर घालून तेथून हिरवी-पिवळी तार अर्थच्या टर्मिनलला न्यावी.

३) जाळीलाच अर्थची तार समजू नये. जस्ती तारा गंजतात, वाकून तुटतात. मोटारीच्या अर्थसाठी केबलमध्ये वेगळी हिरवी-पिवळी तार हवीच.

४) वीज बंद करून जाळी आणि अर्थ यांमधील जोड मीटरने तपासावा. मग ५०० व्होल्टच्या मेगरने फेज व जाळी यांमध्ये किमान १ मेगओहम मिळतो का पाहावे. इन्व्हर्टर ड्राइव्ह असल्यास तो आधी सोडवावा.

हा केवळ सल्ला नाही. वीज वाहिनीचे रक्षण करणारे धातूचे आवरण अर्थला जोडलेच पाहिजे, असे १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होते. त्यांच्या जागी आलेल्या केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही अर्थिंगचे बंधन आहे.

ग्लँड आणि वॉशरचा खर्च केबलच्या किमतीपुढे किरकोळ आहे. पावसाळ्यापूर्वी एका सुट्टीच्या दिवशी परवानाधारक वायरमन बोलवावा, प्रत्येक स्टार्टरची पेटी उघडावी आणि टेपखाली काय दडले आहे ते मालकाने स्वतः उभे राहून पाहावे. कारीगर आपल्या भरवशावर मशीनला हात लावतो. त्या भरवशाची जिम्मेदारी मालकाची आहे.