निवारा म्हणजे कोंडवाडा नव्हे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

विटा असो, आटपाडी असो की तासगाव, एस. टी. स्टँडवर पहाटेच्या गाडीची वाट बघत उभं राहिलं, की दोन-तीन कुत्री बाकाखाली अंगाचं मुटकुळं करून झोपलेली दिसतात. बाजाराच्या दिवशी एखादी भाकड गाय रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ करत असते. मग कुणीतरी वैतागून म्हणतं, "नगरपालिकेला सांगून यांना एकदा कुठंतरी नेऊन सोडलं पाहिजे." आपणही मान डोलावतो आणि गाडीत बसतो. आज मला बोलायचंय ते या 'कुठंतरी'बद्दल.

हे 'कुठंतरी' आता नुसतं बोलण्यापुरतं राहिलेलं नाही. शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली मोकाट कुत्री उचलावीत, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावं आणि पुन्हा त्याच आवारात सोडू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. महामार्गांवरची मोकाट गुरं हटवून त्यांचीही सोय करायला सांगितलं. गुहागर-विजापूर महामार्ग तर विट्यावरूनच जातो. तेव्हा लहानमोठ्या प्रत्येक शहराला निवाऱ्याचा विचार करावा लागणार. पण निवारा म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर चार भिंती, एक फाटक आणि फाटकाला कुलूप एवढंच येतं. म्हणजे कोंडवाडा!

कोंडवाडा आपल्याला इंग्रजांच्या राज्यापासून माहीत आहे. १८७१ च्या कायद्यानं त्याला पक्कं रूप दिलं. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर तिथं कोंडायचं, मालकानं दंड आणि चाऱ्याचा खर्च भरला की सोडायचं, मालक आलाच नाही तर लिलाव करायचा. हा बंदोबस्त पिकासाठी आणि मालकाला धडा शिकवण्यासाठी होता. जनावराची सोय हा त्याचा हेतूच नव्हता.

दुसरी परंपरा पांजरपोळांची. १८३२ मध्ये मुंबईत कंपनी सरकारनं मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकारानं मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पांजरपोळाच्या मागे दया आहे. थकलेलं, लंगडं जनावर तिथं मरेपर्यंत पोसलं जातं. अडचण एकच. तिथं जनावर आत येतं, ते सहसा बाहेर जात नाही. जागा भरते, चारा तेवढाच राहतो आणि दयेच्या पोटी सुरू झालेल्या जागेत दाटी होते.

तिसरी परंपरा मात्र आपल्या मातीतली आहे. ती म्हणजे चारा छावणी. खानापूर, आटपाडी, जत, माण हा पर्जन्यछायेचा टापू. २०१२-१३ च्या दुष्काळात सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं हजारो जनावरांची छावणी चालवली, २०१९ मध्ये पुन्हा उभारली. छावणीत जनावराबरोबर घरातलं माणूसही येतं. वैरण, पाणी, सावली आणि डॉक्टर यांची सोय छावणी करते. धार काढणं, शेण भरणं, अंगावरून हात फिरवणं मालकाकडेच राहतं. आणि पाऊस पडला की दावणी सुटतात, जनावरं घरी जातात. छावणी यशस्वी झाली, असं केव्हा म्हणायचं? ती रिकामी झाली म्हणजे!

गावाच्या निवाऱ्यालाही हीच कसोटी लावायला हवी. आत किती जनावरं आहेत, हा मोठेपणा नाही. किती बरी होऊन परत गेली, आणि किती जणांना आत यायची वेळच आली नाही, हे विचारायचं. त्यासाठी भिंतींपेक्षा सेवा महत्त्वाच्या. त्या सेवा कोणत्या, ते एकेक करून पाहू.

पहिली सेवा तातडीच्या मदतीची. गाडीखाली सापडलेलं कुत्रं, विहिरीत पडलेलं रेडकू, विजेचा धक्का बसलेलं माकड. अशा वेळी फोन कुणाला करायचा हेच लोकांना ठाऊक नसतं. गुरांच्या उपचारांसाठी राज्यात फिरते पशुवैद्यकीय दवाखाने आहेत आणि त्यांचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक प्रत्येक गोठ्याच्या खांबावर लिहून ठेवण्याजोगा आहे. निवाऱ्यानं त्याच्या जोडीला दोरखंड, जाळी, एक लहान गाडी आणि शिकवून तयार केलेली चार माणसं ठेवायची. आणलेलं जनावर मात्र लगेच बाकीच्यांत मिसळू द्यायचं नाही. दहा-पंधरा दिवस ते वेगळं ठेवावं लागतं. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग आला तेव्हा जनावरांचे बाजार बंद करावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. वेगळ्या खोलीशिवाय निवारा बांधला, तर तोच रोगाचं घर होतो.

दुसरी सेवा कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण. इथं पुष्कळ लोक विचारतात, "पकडलेली कुत्री पुन्हा गल्लीत कशाला सोडायची?" याचं उत्तर समजून घेतलं पाहिजे. कुत्री साधारण ६३ दिवस गाभण असते, वर्षातून दोनदा विऊ शकते आणि एका वेताला चार-सहा पिलं सहज होतात. गल्लीत खायला मिळतं तोवर तिथली कुत्री उचलली, तरी रिकामी जागा शेजारच्या भागातली कुत्री घेतात. ती नवी कुत्री लस न टोचलेली असतात. उलट नसबंदी झालेलं, लस टोचलेलं कुत्रं आपल्या हद्दीत राहिलं, तर ते परक्याला शिरू देत नाही आणि त्याची संख्याही वाढत नाही. म्हणून २००१ च्या नियमांनी आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांनीही शस्त्रक्रियेनंतर कुत्रं मूळ जागी सोडायला सांगितलं. कानाला छोटी खाच दिसली, की समजावं, याचं काम झालेलं आहे. शाळा-दवाखाना-स्टँडची आवारं २०२५ च्या आदेशानं यातून वेगळी काढली. तिथल्या कुत्र्यांसाठी कायमच्या जागा लागतील, पण गावातल्या बाकीच्या कुत्र्यांसाठी चार-पाच दिवस राहण्यापुरते पिंजरे आणि एक स्वच्छ शस्त्रक्रियागृह पुरतं.

इथं विट्याची एक जमेची बाजू सांगतो. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालील लोकवस्तीच्या शहरांत विटा देशात पहिलं आलं. कचऱ्याचा आणि कुत्र्यांचा संबंध थेट आहे. उघड्यावर टाकलेलं शिळं अन्न आणि मटणाच्या दुकानामागची घाण, यांवर कुत्र्यांची संख्या पोसली जाते. घरोघरचा कचरा वेगळा करण्याची शिस्त ज्या गावाला लागली, त्यानं कुत्र्यांच्या प्रश्नाचं अर्धं काम आधीच केलेलं आहे. उरलेलं अर्धं सुईचं आणि सुरीचं.

हे काम का तातडीचं आहे, ते स्पष्ट बोलतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली, की माणूस वाचत नाही, असंच धरून चालावं लागतं. पण चावल्यानंतर वेळेवर उपचार झाले, तर हा रोग जवळजवळ शंभर टक्के टळतो. जखमेवर चुना, तिखट, हळद काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचे दिवस गेले, आता लस दंडावर देतात. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीबरोबर जखमेतच द्यायचं वेगळं औषध असतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. सांगितलेल्या सगळ्या तारखा पाळा. चावलेलं कुत्रं सापडण्यासारखं असेल, तर ते मारू नका. निवाऱ्यात दहा दिवस वेगळं ठेवून त्याच्यावर नजर ठेवता येते. मात्र लस सुरू करायला त्या दहा दिवसांची वाट बघायची नाही. गावातल्या निदान सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली, तर कुत्र्यांमधला रेबीजचा फैलाव थांबतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहा टक्के कुत्री कोंडून हे साधत नाही.

तिसरी सेवा कष्टाच्या जनावरांची. बेंदराला आपण बैलाचे खांदे हळद-लोण्यानं चोळतो, शिंगं रंगवतो, पुरणपोळी खाऊ घालतो. पण साखर कारखान्याच्या हंगामात त्याच खांद्यावर जू घासून जखम होते, पत्री निघते, खूर फाटतो. आपल्या सांगलीत २००३ पासून 'अ‍ॅनिमल राहत' ही संस्था हेच काम करते आहे. जनावर आपल्याकडे येण्याची वाट न बघता त्यांचे डॉक्टर कारखान्याच्या गाडीतळावर जातात, तिथंच मोफत उपचार करतात आणि गाडीवानालाही चार गोष्टी समजावतात. थकलेल्या बैलांना उरलेलं आयुष्य काढता यावं, म्हणून संस्थेनं आश्रयस्थानही उभं केलं. क्रम लक्षात घ्या. आधी गाडीतळ, मग आश्रयस्थान.

या क्रमामागे हिशेब आहे. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हातारा बैल विकायला काढला तर गिऱ्हाईक मिळत नाही आणि दावणीला ठेवायचा तर वैरण परवडत नाही, अशा पेचात लहान शेतकरी सापडला. मोठ्या जनावराला दिवसाला १५ ते २० किलो ओला चारा आणि वर पाच-सहा किलो वाळली वैरण लागते. २०१९ च्या छावण्यांत सरकारनं मोठ्या जनावरामागे दिवसाला ७० रुपये धरले होते, ते पुढं वाढवावे लागले. २०२४ मध्ये गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान ठरलं. आपण १०० रुपये धरले, तरी एका बैलाचे वर्षाला ३६,५०० होतात, वीस बैलांचे ७ लाख ३० हजार! एखाद्या लहान निवाऱ्याचं कंबरडं इथंच मोडतं.

म्हणून शहाणा निवारा शेतकऱ्याला म्हणतो, "बैल इथं आणू नका, तुमच्याच गोठ्यात राहू द्या. उन्हाळ्यातले तीन महिने वैरणीचा वाटा आम्ही उचलतो, खुरांवर उपचार करायला आमचा माणूस येईल." तीन महिन्यांच्या वैरणीचा निम्मा वाटा दिला, तर एका बैलामागे चार-पाच हजारांत भागतं आणि जनावराला रोजची माणसं सुटत नाहीत. ज्याचं खरोखर कुणीच उरलं नाही, त्याच्यासाठीच आतली जागा राखून ठेवायची.

चौथी सेवा जोडून देण्याची. हरवलेली गाय कुणाची, याची कानातल्या बिल्ल्यावरून चौकशी करणं. गावठी पिलांना लस टोचून, नसबंदी करून वस्तीवरच्या घरात देणं. मळ्यात राखणीला कुत्रं सगळ्यांनाच हवं असतं. शाळेत जाऊन मुलांना सांगणं, की झोपलेल्या किंवा पिलांजवळ बसलेल्या कुत्रीला छेडू नये आणि कुत्रं अंगावर आलं तर पळू नये.

हे सगळं चालवायला गावच लागतं. नगरपालिकेची जागा आणि निधी, पशुवैद्यकाचे हात, भाजी मंडईतला उरलेला पाला, ऊसवाल्याकडचं वाढं, यंत्रमागवाल्यांची आणि गलाईवाल्यांची वर्गणी, कॉलेजच्या पोरांचा रविवार. खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंडाच्या चारी बाजूंनी फिरून त्याची पारख करणारी आपली माणसं आहेत. त्यांना जनावराचं शहाणपण शिकवावं लागत नाही.

उद्या तुमच्या गावात निवारा उभा राहिला, तर एकदा जाऊन या. किती जनावरं आहेत, हे विचारू नका. हजेरीवही मागा आणि 'परत गेले' हा रकाना बघा. तो भरलेला असेल, तर वर्गणी द्या. तो रकानाच नसेल, तर आपण नव्या नावाचा कोंडवाडा बांधलाय, एवढं त्या लोकांना प्रेमानं सांगून या.